गर्भनिरोधक गोळी आणि रक्ताची गुठळी : "दुप्पट धोका" म्हणजे नक्की किती?

"कुठलं औषध चालू आहे का?" असं डॉक्टरांनी विचारलं की बऱ्याच बायका पटकन "नाही" म्हणतात आणि रोज रात्री न चुकता घेतली जाणारी गर्भनिरोधक गोळी त्या उत्तरात येतच नाही. माझ्या मावसबहिणीचं अगदी हेच झालं. डाव्या पोटरीत चार-पाच दिवस दुखत होतं, तिला वाटलं स्नायू धरला असेल, शेक घेतला, बाम चोळला, मग पाय सुजायला लागला तेव्हा डॉक्टरांकडे गेली आणि औषधांचा प्रश्न आल्यावर सरळ "काहीच नाही" म्हणाली. लपवायचं म्हणून नाही, तिच्या डोक्यात ती गोळी औषध नव्हतीच, औषध म्हणजे आजारी माणूस घेतो ते आणि ही तर ठणठणीत होती. दुसऱ्या दिवशी पायाची डॉप्लर सोनोग्राफी झाली आणि आतल्या मोठ्या शिरेत गुठळी निघाली. आता ती बरी आहे. पण तेव्हापासून या विषयावर मिळेल ते मी वाचत आलेय, आणि एक गोष्ट सारखी जाणवते, लोक एकतर म्हणतात गोळी म्हणजे विष, हातही लावू नका, नाहीतर म्हणतात काही होत नसतं, सगळ्याच घेतात. दोन्ही ऐकून बाईच्या हाताला काहीच लागत नाही. म्हणून हे जरा सविस्तर लिहितेय.

आधी गुठळी म्हणजे काय ते बघू. रक्ताला दोन उलट्या गोष्टी एकाच वेळी सांभाळाव्या लागतात, नळीतून वाहताना पातळ राहायचं आणि कुठे कापलं की तिथल्या तिथे घट्ट व्हायचं. यासाठी रक्तात दोन बाजूंची प्रोटीनं कायम फिरत असतात, एक बाजू गोठवणारी, म्हणजे फायब्रिनोजेन, प्रोथ्रॉम्बिन, फॅक्टर सात, आठ, दहा वगैरे, आणि दुसरी बाजू त्यांना आवरणारी, म्हणजे अँटिथ्रॉम्बिन, प्रोटीन सी, प्रोटीन एस. गाडीचा ॲक्सिलरेटर आणि ब्रेक समजा. दोन्ही ठीक असले की जखमेवर खपली धरते आणि बाकी रक्त आपलं वाहत राहतं. ॲक्सिलरेटर जरा जास्त दाबला गेला किंवा ब्रेक ढिला झाला की जखम नसतानाही शिरेच्या आत रक्त गोठू शकतं. रुडॉल्फ फिर्खो या जर्मन डॉक्टरांनी १८५६ मध्येच फुफ्फुसात सापडणाऱ्या गुठळ्यांवर लिहून ठेवलं होतं, आणि आजही मेडिकलला त्यांच्याच नावाने तीन कारणं शिकवतात : रक्ताचा वेग मंदावणं, शिरेच्या भिंतीला इजा होणं आणि रक्ताचाच गुण बदलणं. गोळीचा संबंध मुख्यतः तिसऱ्याशी आहे.

पायाच्या खोल शिरेत झालेली गुठळी तिथेच राहिली तर पाय सुजतो, दुखतो, पुढे कित्येक वर्षं जड वाटत राहतो. पण तिचा तुकडा सुटला तर तो रक्ताबरोबर वर सरकतो, हृदयाच्या उजव्या बाजूतून फुफ्फुसात जातो आणि तिथल्या नळीत अडकतो. याला पल्मनरी एम्बोलिझम म्हणतात आणि जीव जातो तो बहुतेक वेळा यानेच. (डाव्या पायात गुठळ्या जास्त का होतात याचं कारण मला फार नवलाचं वाटलं, ओटीपोटात उजव्या पायाची धमनी डाव्या पायाच्या शिरेवरून आडवी जाते आणि ती शीर थोडी दाबली जाते, म्हणजे तिथलं रक्त मुळातच जरा अडखळत वर येतं.)

आता गोळी. नेहमीच्या गर्भनिरोधक गोळीत दोन हार्मोन असतात, एक इस्ट्रोजेन आणि एक प्रोजेस्टिन, म्हणून तिला कॉम्बिनेशनची गोळी म्हणतात. अंडं बाहेर पडू न देण्याचं मुख्य काम प्रोजेस्टिन करतं, इस्ट्रोजेन त्याला मदत करतं आणि मधेमधे होणारं डाग लागणं, ब्लीडिंग वगैरे आवरतं. गुठळीच्या बाबतीत खरा वाटा इस्ट्रोजेनचा. बहुतेक गोळ्यांमध्ये जे इस्ट्रोजेन असतं त्याचं नाव एथिनिल इस्ट्राडायॉल, ते १९३८ मध्ये जर्मनीत बनवलं गेलं. आपल्या अंगातलं इस्ट्राडायॉल तोंडाने घेतलं तर लिव्हर त्याचा बराचसा भाग लगेच निकामी करून टाकतं, म्हणून केमिस्टांनी त्याच्या रेणूला एक छोटासा तुकडा जोडला जेणेकरून लिव्हरला ते सहज मोडता येणार नाही. यामुळे गोळी तोंडाने घेता यायला लागली, पण गोची पण इथेच झाली. लिव्हरमधून न मोडता जाणारं हे हार्मोन लिव्हरलाच जोरदार सिग्नल देत राहतं, आणि रक्त गोठवणारी आणि आवरणारी वर सांगितलेली बहुतेक प्रोटीनं तर लिव्हरमध्येच तयार होतात. मग होतं काय की फायब्रिनोजेन, प्रोथ्रॉम्बिन, फॅक्टर सात आणि दहा वाढतात, अँटिथ्रॉम्बिन आणि प्रोटीन एस कमी होतं, आणि प्रोटीन सी नावाचा जो ब्रेक आहे त्याला रक्त पूर्वीसारखं जुमानत नाही. एकेक बदल छोटाच असतो, बऱ्याचदा नॉर्मल रेंजच्या आतलाच, पण सगळे एकाच दिशेने असतात, म्हणजे रक्ताचा कल गोठण्याकडे थोडासा झुकतो.

हे ऐकून घाबरायला होतं पण एक लक्षात घ्या, शरीर स्वतःसुद्धा हेच करतं, प्रेग्नन्सीत. बाळंतपणात वार सुटताना प्रचंड रक्त जाऊ शकतं म्हणून निसर्गाने आधीपासूनच रक्त जरा गोठणारं करून ठेवलेलं असतं, आणि तिथे इस्ट्रोजेन गोळीपेक्षा कितीतरी जास्त असतं. हा मुद्दा पुढे आकड्यांत परत येणार आहे.

तर आकडे. कॉलेजात जाणाऱ्या मुलीपासून चाळिशीच्या बाईपर्यंत १०,००० बायका घ्या, गोळी न घेणाऱ्या आणि गरोदर नसलेल्या. एका वर्षात यातल्या साधारण २ जणींना शिरेत गुठळी होते. आता दुसऱ्या १०,००० घ्या ज्या लेव्होनॉर्जेस्ट्रेल हे जुनं प्रोजेस्टिन असलेली कॉम्बिनेशनची गोळी घेतात, तिथे ५ ते ७ जणींना होते. आणि डेसोजेस्ट्रेल, जेस्टोडिन किंवा ड्रॉस्पिरेनोन या नंतर आलेल्या प्रोजेस्टिनांच्या गोळ्या घेणाऱ्या १०,००० मध्ये ९ ते १२ जणींना. हे आकडे युरोपच्या औषध नियामक संस्थेने २०१३ मध्ये सगळे अभ्यास परत तपासून दिलेले आहेत. मरण येतं ते यातल्याही फार थोड्या जणींना, गुठळी झालेल्या शंभरात साधारण एक-दोघींना.

आता हेच आकडे कसे सांगितले जातात ते बघा. कुणी म्हणालं "गोळीने गुठळीचा धोका तिप्पट होतो", तर ते खरंच आहे. कुणी म्हणालं "गोळी घेणाऱ्या १०,००० पैकी ९,९९० च्या आसपास जणींना वर्षभरात काहीही होत नाही", तर तेही खरंच आहे. पहिलं वाक्य ऐकून बाई गोळी फेकून देते, दुसरं ऐकून ती पोटरीतलं दुखणं अंगावर काढते. म्हणून "दुप्पट", "तिप्पट" असा शब्द कानावर आला की पहिला प्रश्न विचारायचा, कशाच्या तिप्पट? दोनाच्या तिप्पट सहा होतात आणि दोनशेच्या सहाशे, शब्द तोच पण गोष्ट पूर्ण वेगळी.

आणि तुलना करायचीच असेल तर नुसती "गोळी न घेणाऱ्या" बाईशी करून चालत नाही, कारण गोळी सोडलेल्या बऱ्याच जणींना दिवस जातात. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने जो तक्ता दिला आहे त्यात गरोदर बायकांमध्ये हे प्रमाण वर्षाला १०,००० मागे ५ ते २० आहे आणि बाळंतपणानंतरच्या पहिल्या १२ आठवड्यांत त्याच हिशोबाने ४० ते ६५. म्हणजे नको असलेली प्रेग्नन्सी टाळणारी गोळी स्वतः थोडा धोका आणते आणि त्याहून मोठा एक धोका टाळतेही. हे वाक्य मला फार उशिरा कुणीतरी सांगितलं, आधी सांगायला हवं होतं.

याचा सगळ्यात वाईट धडा ब्रिटनमध्ये मिळाला, १९९५ च्या ऑक्टोबरमध्ये. तिथल्या औषध सुरक्षा समितीने डॉक्टरांना तातडीने कळवलं की डेसोजेस्ट्रेल आणि जेस्टोडिनवाल्या नव्या गोळ्यांनी गुठळीचा धोका जुन्या गोळ्यांच्या साधारण दुप्पट दिसतोय. माहिती चुकीची नव्हती. पण डॉक्टरांना पत्र नीट पोचायच्या आधी बातमी टीव्हीवर आणि पेपरात आली, "दुप्पट" हा शब्द ठळक छापला गेला, आणि कित्येक बायकांनी पाकीट अर्धं असतानाच गोळी बंद केली, दुसरं काही साधन सुरू न करता. पुढच्या काही महिन्यांत नको असलेली गर्भारपणं वाढली, गर्भपात हजारोंनी वाढले. ज्या समितीला बायकांचं रक्षण करायचं होतं तिचीच सूचना अशी उलटली. माझ्या मते चूक माहिती देण्यात नव्हती, चूक आकडा न सांगता नुसती पट सांगण्यात होती, आणि "दुसरी गोळी मिळेपर्यंत ही बंद करू नका" हे ओरडून न सांगण्यात होती.

मागे गेलं तर आणखी एक गोष्ट कळते, आजची गोळी आणि पहिली गोळी यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. अमेरिकेत १९६० मध्ये गर्भनिरोधक म्हणून मंजूर झालेल्या एनोविड या पहिल्या गोळीत मेस्ट्रॅनॉल नावाचं इस्ट्रोजेन १५० मायक्रोग्रॅम होतं. आज बहुतेक गोळ्यांत एथिनिल इस्ट्राडायॉल २० ते ३५ मायक्रोग्रॅम असतं. हे आपोआप कमी झालं नाही. १९६१ मध्ये इंग्लंडमधल्या एका डॉक्टरने लॅन्सेट या मेडिकल जर्नलमध्ये एका नर्सबद्दल लिहिलं, एंडोमेट्रिओसिस या गर्भाशयाच्या अस्तराशी संबंधित आजारासाठी हीच गोळी घेत असताना तिच्या फुफ्फुसात गुठळ्या झाल्या होत्या. मग एकेक केस जमत गेली, १९६० च्या दशकाच्या शेवटी ब्रिटनमधल्या अभ्यासांनी संबंध पक्का केला, आणि डोस जितका जास्त तितक्या गुठळ्या जास्त हेही दिसलं. १९७० मध्ये अमेरिकेच्या सिनेटमध्ये सिनेटर गेलॉर्ड नेल्सन यांनी गोळीच्या सुरक्षिततेवर सुनावण्या घेतल्या, तिथे डॉक्टर आणि शास्त्रज्ञ बोलत होते आणि गोळी घेणाऱ्या बायकांना मात्र साक्षीला बोलावलंच नव्हतं, तेव्हा काही बायका प्रेक्षकांतून उभ्या राहिल्या आणि ओरडून विचारायला लागल्या की आम्हाला हे आधी का सांगितलं नाही. त्यातूनच गोळीच्या पाकिटात धोका सांगणारा कागद घालायचा नियम आला. आज पाकिटात घडी घालून ठेवलेला जो बारीक अक्षरातला कागद आपण न वाचता फेकतो, तो अशा भांडणातून मिळालेला आहे. वाचा तो एकदा तरी.

डोस कमी झाला तसा धोका उतरला, पण शून्य झाला नाही. ३५ वरून २० वर आल्यावरचा फरक त्यामानाने छोटा आहे, आणि तिथून पुढे गोळीतला दुसरा पार्टनर, म्हणजे प्रोजेस्टिन, महत्त्वाचा ठरतो. लेव्होनॉर्जेस्ट्रेल थोड्या पुरुषी हार्मोनच्या स्वभावाचं आहे आणि ते इस्ट्रोजेनचा लिव्हरवरचा परिणाम काही प्रमाणात दाबतं. नंतर आलेली प्रोजेस्टिनं मुद्दाम तशी बनवली गेली की पुरुषी परिणाम, म्हणजे पिंपल्स, तेलकटपणा, केस हे कमी व्हावेत, आणि ते झालंही, पण त्याबरोबर ती दाबून धरण्याची ताकदही गेली. म्हणून ज्या गोळीने चेहरा छान होतो म्हणून मैत्रिणी सुचवतात, उदाहरणार्थ ड्रॉस्पिरेनोनवाली किंवा सायप्रोटेरोनवाली, तिथे गुठळीचा धोका जुन्या लेव्होनॉर्जेस्ट्रेलवालीपेक्षा दीड ते दोन पट असतो. पीसीओएससाठी, पिंपल्ससाठी ती गोळी योग्य असूही शकते, मी नाही म्हणत नाही, पण मैत्रिणीला चालली म्हणून मला चालेल असं तिथे धरू नये. नवी म्हणजे जास्त सेफ हा समज औषधांत नेहमी खरा ठरत नाही, इथे तर अजिबात नाही.

त्यामुळे आपल्या स्ट्रिपच्या मागे काय छापलंय ते बघायची सवय लावा. ब्रँडचं नाव सोडून द्या, ते कशावरही ठेवतात. खाली बारीक अक्षरात दोन नावं आणि दोन आकडे असतात, इस्ट्रोजेन कुठलं आणि किती, प्रोजेस्टिन कुठलं आणि किती. त्याचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा. कुठल्याही डॉक्टरला, अगदी दाताच्या सुद्धा, औषधांबद्दल विचारल्यावर तो फोटो दाखवा.

आता कुणाला जास्त जपायला हवं. इथे बेरीज होत नाही, गुणाकार होतो हे डोक्यात ठेवा. जन्मजात काही लोकांच्या रक्तात ब्रेक ढिला असतो, त्यातला सगळ्यात माहीत असलेला प्रकार फॅक्टर फाइव्ह लायडन, १९९४ मध्ये हॉलंडच्या लायडन शहरात सापडला म्हणून हे नाव. युरोपियन वंशाच्या लोकांत साधारण शंभरात पाच जणांत असतो, आशियाई आणि आफ्रिकन वंशाच्या लोकांत खूपच कमी. आई किंवा वडील यांपैकी एकाकडूनच हा दोष आलेल्या (म्हणजे त्याची एक प्रत असलेल्या) बाईने गोळी घेतली तर काय होतं हे त्याच वर्षीच्या एका डच अभ्यासात आलं, वर्षाला १०,००० मागे साधारण २८ जणींना गुठळी, म्हणजे दोन्ही नसलेल्या बायकांच्या तिसेक पट. मग सगळ्यांचीच ही टेस्ट का करत नाहीत असं मलाही वाटायचं. पण उलट बाजूने बघा, दोष असूनही गोळी घेणाऱ्या १०,००० पैकी ९,९७० हून जास्त जणींना त्या वर्षी काही झालं नाही, आणि दुसरीकडे टेस्ट नॉर्मल आलेल्या बाईलाही गुठळी होऊ शकते, मग ती "माझी टेस्ट क्लिअर आहे" म्हणून गाफील राहणार. त्यामुळे सरसकट टेस्ट करायचा सल्ला दिला जात नाही, त्याऐवजी घरचा इतिहास विचारतात. आई, वडील, सख्खी भावंडं यातल्या कुणाला पायात किंवा फुफ्फुसात गुठळी झाली होती का, विशेषतः कमी वयात. हे घरी विचारून ठेवा, कारण आपल्याकडे मोठी माणसं "पाय सुजला होता, इंजेक्शनं दिली होती" एवढंच सांगतात आणि खोदून विचारल्यावर कळतं की ती गुठळीच होती.

ज्या बाईला स्वतःला आधी गुठळी होऊन गेली आहे तिने इस्ट्रोजेनवाली गोळी घेऊ नये, इथे चर्चाच नाही. ल्युपस (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते तो आजार) असून रक्तात गुठळ्या वाढवणाऱ्या अँटिफॉस्फोलिपिड अँटिबॉडी असतील तरी नाही. नुकतं बाळंतपण झालेलं असेल तर पहिले तीन आठवडे अजिबात नाही, आणि बाळाला अंगावर पाजत असाल तर सहा आठवडे तरी नाही. मोठं ऑपरेशन ठरलं असेल, ज्यानंतर बरेच दिवस पडून राहावं लागणार आहे, तर साधारण चार आठवडे आधी गोळी बंद करून दुसरं साधन घ्यायला सांगतात, पण हे तेव्हाच होणार जेव्हा सर्जनला माहीत असेल की तुम्ही गोळी घेता. वजन जास्त असणं, वय पस्तिशीच्या पुढे जाणं, प्लास्टरमध्ये पाय असणं, तासन् तास एका जागी बसून लांबचा प्रवास, ही सगळी थोडी थोडी भर घालणारी कारणं आहेत, एकटी असताना फारशी नाहीत पण तीन-चार एकत्र आली की विचार करायला लावणारी.

सिगरेट, बीपी आणि मायग्रेन यांचा संबंध थोडा वेगळा आहे, तिथे भीती शिरेतल्या गुठळीपेक्षा धमनीतल्या गुठळीची असते, म्हणजे हार्ट अटॅक आणि स्ट्रोक. पस्तिशीच्या पुढे आणि दिवसाला १५ किंवा जास्त सिगरेटी, बीपी १६०/१०० च्या वर, किंवा डोकं दुखायच्या आधी डोळ्यांपुढे चमचमणाऱ्या वाकड्यातिकड्या रेषा दिसणारं मायग्रेन, यातलं एकही असेल तर जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत इस्ट्रोजेनवाल्या गोळीला सरळ चौथी कॅटेगरी आहे, म्हणजे वापरू नये. मायग्रेनबद्दल बायका गोळी घेताना सांगतच नाहीत, डोकं काय सगळ्यांचंच दुखतं म्हणून. सांगा.

अजून एक गोष्ट जी मला वाचून धक्का बसला. गुठळीचा धोका गोळी सुरू केल्यावर पहिल्या वर्षात सगळ्यात जास्त असतो आणि त्यातही पहिल्या काही महिन्यांत, मग उतरतो, तरी न घेणाऱ्यांपेक्षा जास्तच राहतो. आणि महिनाभर किंवा जास्त गॅप घेऊन परत सुरू केली की तो सुरुवातीचा चढ परत येतो. "शरीराला जरा आराम" म्हणून वर्षातून दोन महिने गोळी बंद करून परत चालू करणाऱ्या कितीतरी जणी आहेत, चांगल्या हेतूनेच करतात, पण रक्ताच्या बाजूने बघितलं तर हा आराम उलट महागात पडतो, शिवाय त्या दोन महिन्यांत दिवस जाण्याची शक्यता वेगळीच. कायमची बंद केल्यावर मात्र रक्तातले बदल बहुतेक काही आठवड्यांतच ओसरतात, आयुष्यभर साठून राहणारं असं हे काही नाही.

आता "गोळी" या एका शब्दाखाली काय काय येतं बघा, कारण घोळ इथेच होतो. फक्त प्रोजेस्टिनवाली मिनी पिल, तिच्यात इस्ट्रोजेन नसतं आणि तिने गुठळीचा धोका वाढल्याचं दिसत नाही. लेव्होनॉर्जेस्ट्रेल सोडणारी गर्भाशयात बसवायची आययूडी, तेच. कॉपर टीमध्ये तर हार्मोनच नाही. इमर्जन्सीची लेव्होनॉर्जेस्ट्रेल दीड मिलिग्रॅमची गोळी, तिच्यातही इस्ट्रोजेन नाही. याउलट कातडीवर लावायचा गर्भनिरोधक पॅच आणि योनीत ठेवायची रिंग, यात गोळी गिळायची नसते म्हणून लोकांना सेफ वाटतं, पण त्या दोन्हींत बहुतेक वेळा एथिनिल इस्ट्राडायॉलच असतं आणि ते रक्तातून लिव्हरपर्यंत पोचल्यावर तेच करतं, त्यामुळे धोका गोळीसारखाच. (मेनोपॉजनंतर दिला जाणारा इस्ट्राडायॉलचा पॅच ही वेगळी गोष्ट, तिथे हार्मोन नैसर्गिक असतं, डोस कमी असतो आणि लिव्हरवरचा मारा टळतो, म्हणून तिथे गुठळीचा धोका फारसा वाढत नाही. दोघांना एकाच मापाने मोजू नका.)

आणि पाळी पुढे ढकलायची गोळी. ही मला सगळ्यात जास्त सांगायची आहे कारण हिला तर कुणी हार्मोनसुद्धा समजत नाही, प्रवास आहे, परीक्षा आहे, घरात कार्यक्रम आहे, मेडिकलमधून स्ट्रिप आणली की झालं. ती बहुतेक वेळा नॉरएथिस्टेरॉन असते, ५ मिलिग्रॅम दिवसातून तीनदा. कागदावर ही फक्त प्रोजेस्टिन आहे, म्हणून सेफ वाटावी. पण मिनी पिलमध्ये हेच औषध दिवसाला ०.३५ मिलिग्रॅम असतं आणि इथे १५, म्हणजे चाळीस पटींहून जास्त, आणि या डोसला शरीर त्यातला थोडा भाग एथिनिल इस्ट्राडायॉलमध्येच बदलतं. दिवसाला १० ते २० मिलिग्रॅम नॉरएथिस्टेरॉन घेणं म्हणजे साधारण २० ते ३० मायक्रोग्रॅम एथिनिल इस्ट्राडायॉल घेतल्यासारखं होतं, म्हणजे अख्खी कॉम्बिनेशनची गोळीच झाली की. म्हणून ज्या बाईला इस्ट्रोजेन चालत नाही तिला ही गोळीही सहज चालेल असं नाही, आणि त्यात जास्त ब्लीडिंगसाठी घरात पडलेली ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडची गोळी कॉम्बिनेशनच्या गोळीबरोबर स्वतःच्या मनाने घेणं तर अजिबात नको, कारण ती तर गुठळी विरघळू न देणारीच गोळी आहे.

लक्षणं सांगते, आणि ही नवऱ्याला, आईला, रूममेटला पण माहीत असू द्या. एकाच पायात दुखणं आणि सूज, बहुधा पोटरीत, कधी मांडीत, चालताना वाढणारं, तो पाय दुसऱ्यापेक्षा गरम किंवा लालसर दिसणं. दोन्ही पाय सारखे सुजले तर कारण बहुधा दुसरं असतं, एकच सुजला तर लक्ष द्या. अचानक दम लागणं, खोल श्वास घेतला की छातीत टोचल्यासारखं दुखणं, खोकल्यातून रक्त, उगाच धडधड, चक्कर येऊन पडणं, ही फुफ्फुसाची लक्षणं, यात सकाळपर्यंत वाट बघायची नाही, लगेच हॉस्पिटल. आणि कधी नव्हे असं भयंकर डोकं दुखणं, दिसायला त्रास, एका बाजूची ताकद जाणं, फिट येणं, मेंदूतल्या शिरेत किंवा धमनीत गुठळी झाली तर असं होऊ शकतं, क्वचितच होतं पण गोळी घेणाऱ्या तरुण बायकांत होतं. जिथे जाल तिथे पहिल्या वाक्यातच सांगा, मी गर्भनिरोधक गोळी घेते, अमुक महिन्यांपासून. दुखऱ्या पोटरीला जोरात मालिश मात्र करू नका, तपासून होईपर्यंत.

तपासणी अवघड नसते. डी-डायमर नावाची रक्ताची टेस्ट, पायाची डॉप्लर, फुफ्फुसाची शंका असेल तर डाय घालून सीटी स्कॅन. गुठळी निघाली तर रक्त पातळ ठेवणारी औषधं, आधी हेपॅरिनसारखी इंजेक्शनं किंवा थेट गोळ्या, कमीत कमी तीन महिने. ती औषधं गुठळी विरघळवत नाहीत, वाढू देत नाहीत, विरघळवायचं काम शरीर हळूहळू स्वतः करतं. आणि या काळात गोळी कधी बंद करायची हे स्वतः ठरवू नका, डॉक्टरांशी बोला, कारण रक्त पातळ असताना गोळी एकदम थांबवली तर पाळीत फार ब्लीडिंग होऊ शकतं आणि काही जणींना म्हणूनच रक्ताची औषधं चालू असेपर्यंत ती चालू ठेवतात.

माझ्या बहिणीला सहा महिने औषध होतं. गोळी बंद झाल्यावर तिने कॉपर टी बसवून घेतली. तिला डॉक्टरांनी निघताना एक गोष्ट लिहून दिली ती इथे देते, कारण ज्यांना गोळीवर असताना गुठळी झाली त्यातल्या बऱ्याच जणींना हे कुणी सांगत नाही : पुढे कधी दिवस राहिले तर पाळी चुकल्याबरोबर, पहिल्याच भेटीत, ही जुनी गुठळी सांगायची. प्रेग्नन्सीत तेच हार्मोन परत वाढणार असतं, त्यामुळे अशा बायकांना बहुतेक वेळा गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर सहा आठवडे हेपॅरिनची छोटी इंजेक्शनं देतात, आणि ती जितकी लवकर सुरू होतील तितकं चांगलं. तो कागद तिने फाईलमध्ये सगळ्यात वर लावून ठेवलाय.